दीपकच्या पाटावर

नाही हो, गाडीत कशाला जाऊन बसता, पत्रा तापलाय नुसता — इथं बसा, व्हरांड्यात, पंख्याखाली. येतायत ते. कपडे करतायत. माणूस मिल्ट्रीतला, शर्टाला सुरकुती चालत नाही, तुमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय म्हणून अर्धी बटणं लावून बाहेर येणार नाहीत ते. पाणी घ्या, माठातलं आहे, वाळा टाकलाय. टीव्हीवरची चर्चा किती वाजता म्हणालात — एकला? मग पुष्कळ वेळ आहे. देवळालीहून नाशिकला जायला असं किती लागतं, अन् आज तर रस्ते मोकळे, आखाजी आहे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हो. तुम्ही शहरातले लोक त्या दिवशी सोनं घेता, आमच्या देवळा तालुक्याकडं तो सण सोन्याचा नाही, पितरांचा. मातीची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, गेलेल्या माणसाच्या नावानं पुरणपोळी अन् आमरस करायचा, अन् — जाऊ द्या, तुम्हाला काय त्याचं. तुम्ही आलात ते लय बरं झालं. मी काल म्हटलंच होतं त्यांना की गाडी जरा लवकर — म्हणजे, तुमच्या तेजल मॅडमना सुचलं ते बरं झालं, असं म्हणतेय मी.

तुम्ही नवीन दिसता. आधी तो जाड मुलगा यायचा न्यायला. तुम्ही ह्यांना टीव्हीवर तरी पाहिलंय ना? खाली पट्टी यायची बघा, निळी — ‘सुभेदार वाल्मीक आहेर, संरक्षणतज्ज्ञ’. नाव घेतलं मी, हसू नका, एरवी घेत नाही, पण पट्टीवरचं वाचायला काय हरकत आहे? तज्ज्ञ! पहिल्यांदा ती पट्टी बघितली तेव्हा मला इतकं हसू आलं की हातातलं लाटणं खाली पडलं. तोफखान्यात होते हो, खोटं नाही ते, पण होते स्टोअरला. त्यांनी तोफेवर ताडपत्री घातली असेल जास्त अन् तोफ उडवलेली बघितली असेल कमी. घोंगड्या, बूट, दोरखंड — सगळी हयात त्यात गेली. पण बोलणं! बोलण्यात कुणाला ऐकायचे नाहीत. रिटायर झाल्यावर बाजारात पिंपळाच्या पारावर जाऊन बसायला लागले. तिथं सगळे असेच, पेन्शनवाले. आता बघा, आमच्या गल्लीत नळाला आठवडा-आठवडा धड पाणी येत नाही, त्यावर एक शब्द नाही कुणाचा. पण अमेरिकेनं कुठं जहाज पाठवलं की ह्यांची मारामारी. एक म्हणणार जगात कुणीतरी दादा पाहिजेच, नाहीतर बारके बारके देश एकमेकांना खातील. दुसरा म्हणणार दादाला बोलावलं कुणी, इराकात जाऊन काय दिवे लावले? चहा थंड व्हायचा पण अमेरिका थंड व्हायची नाही.

तर एकदा तुमचंच चॅनल आलं पारावर, माइक घेऊन, ‘लोकांना काय वाटतं’ म्हणून. अन् हे काय बोलले माहितीय? म्हणाले, अमेरिका म्हणजे भाऊबंदांतला ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे तो. बांधाचं भांडण कुणाचंही असू दे, हा ट्रॅक्टर घेऊन मध्ये पडणार, आम्ही मिटवतो म्हणणार, अन् तो निघून गेला की बघावं तर बांध नाही अन् पीकही नाही. झालं! ते एवढंसं बोलणं घरोघरी मोबाईलवर फिरलं. पुण्याहून आमच्या योगिनीचा फोन, आई, पप्पा माझ्या सासूबाईंच्या मोबाईलवर आलेत! मग पुढच्या आठवड्यात गाडी आली न्यायला. मग दर आठवड्याला. मग रोजच म्हणा ना.

चहा ठेवू? बरं, नको तर नको. — हो हो, ऐकतायत ते, तुमची गाडी दिसलीय त्यांना खिडकीतून.

सुरुवातीला लाजायचे. तिथं एक चष्मेवाले प्राध्यापक असतात बघा, ते समोरच्या चौकटीत, हे ह्या चौकटीत, मध्ये तेजल मॅडम. मॅडमचा प्रश्न एकच — हो की नाही. अमेरिका घुसणार, हो की नाही? हे म्हणायचे, मॅडम, तसं एका शब्दात नसतं, त्याला बाजू असतात. मॅडम म्हणायच्या, सुभेदार साहेब, अर्धं मिनिट आहे, हो की नाही? घरी आल्यावर वैतागायचे. स्टोअरमधून साधी दोरी काढायची तर तीन जणांच्या सह्या लागायच्या, अन् इथं युद्धाचं अर्ध्या मिनिटात सांगा म्हणे. पण हळूहळू लागली हो सवय. जो ठणकावून बोलेल त्याचंच बोलणं मोबाईलवर फिरतं, हे कळलं त्यांना. ‘बहुतेक’ म्हणायचं सोडून दिलं. ‘मला वाटतं’ म्हणायचं सोडून दिलं. कपाटाच्या आरशासमोर उभं राहून बोट वर करून बघायचे. बाजारात भाजी घ्यायला गेलं तरी लोक थांबवणार, काय साहेब, होणार का हल्ला? जसा काही अमेरिकेचा सेनापती ह्यांना विचारल्याशिवाय जेवत नाही. अन् मला — खोटं कशाला बोलू — मला बरं वाटायचं. जन्मभर ह्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी बाजूला पिशवी धरून उभी राहायचे अन् पदर नीट करायचे.

हे समोरचं घर दिसतंय ना, हिरव्या दाराचं, दारात घागर मांडलीय — ते साळूबाईंचं. तिचे मालक एकलहऱ्याला होते, वीज केंद्रात, पोरगं शाळेत असतानाच गेले. एकच पोरगं. दीपक. ते निम्मं आमच्याच घरात वाढलं. आम्हाला एक योगिनी, ती सासरी गेल्यावर तर ह्यांचं सगळं लक्ष त्याच्यावर. त्याला सायकल ह्यांनी शिकवली, बुटाला पॉलिश कसं करायचं ते ह्यांनी शिकवलं. आयटीआय केलं, एसी दुरुस्त करायला शिकला अन् गेला आखातात. तिकडं काय, एसीशिवाय माणूस जगतच नाही. अमेरिकेचा मोठा तळ आहे तिथं, त्याच्या कुंपणाला लागून ह्या पोरांच्या राहायच्या खोल्या. फोन केला की आधी माझ्याकडं चौकशी, काकी, आज काय केलं जेवायला? अन् मग काकांना द्या. मग तास-तास दोघांचं अमेरिका पुराण. तो काकांचा प्रत्येक कार्यक्रम बघायचा तिथं बसून, अन् खोलीतल्या पोरांना सांगायचा, हे माझे काका.

मग मागच्या वर्षी ते सुरू झालं नाही का — धमक्या, जहाजं, विमानं. तुमच्याकडं तर दिवसभर तेच. पडद्यावर लाल अक्षरं, बाण, आगीचे गोळे, मागं ते ढणढण संगीत. साळूबाईचा जीव थाऱ्यावर नाही. कंपनीनं सांगितलेलं, ज्याला जायचं त्यानं जा, अडवत नाही, पण परत घेऊ का ते सांगत नाही. पोरगं म्हणतं, आई, काकांना विचार, काका म्हणतील तसं करतो. आली ती फोन घेऊन. इथंच, तुम्ही बसलाय ना तिथंच उभी होती, फोन असा समोर धरून, त्यातून त्याचा आवाज — काका, काय करू, येऊ का निघून?

अन् हे हसले. मला अजून दिसतं ते हसणं, टीव्हीवरचं होतं, घरातलं नव्हतं. म्हणाले, अरे वेड्या, अमेरिका डोळे वटारते, हात उचलत नाही आता, इराक-अफगाणिस्तानात पोळलेत हात त्यांचे. आणि समज, झालंच काही, तरी तू कुठं राहतोयस? तळाच्या कुंपणाला लागून! त्याच्याइतकी सुरक्षित जागा जगात नाही. आमच्याकडं बघ, आख्खी उमर कॅम्पाच्या तारेच्या कुंपणाला खेटून काढली, कधी चोरी नाही, मारामारी नाही, बाया अंधारात एकट्या येतात-जातात. फौज शेजारी असली की कुणाची माय व्याली वाकड्या नजरेनं बघायची? थांब तिथंच.

आता तुम्ही सांगा, काय चुकीचं बोलले? इथल्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. आम्ही घर घेतलं तेव्हा चार पैसे जास्त देऊन तारेजवळचं घेतलं, का तर फौज शेजारी. पलीकडं सरावाला तोफा उडतात, कपाटातली भांडी वाजतात, पाहुणे दचकतात, पण आमच्या घरात पाळण्यातलं पोर जागं होत नाही. आम्हाला तो आवाज म्हणजे — काय सांगू — घरात कर्ता माणूस खोकल्यासारखा वाटतो. फौज म्हणजे राखण, एवढंच माहीत आम्हाला. फौज म्हणजे निशाणा, हे कुठून सुचणार? तिथली तार ती इथल्याच तारेसारखी वाटली ह्यांना. साळूबाईलाही पटलं हो. मलाही पटलं. मीच म्हटलं तिला, झालं ना समाधान, बस आता, कांदेपोहे खाऊन जा. खाल्ले तिनं.

— नाही, ते दार मागचं वाजलं वाटतं. वाऱ्यानं. मी बघते नंतर.

मग अमेरिकेनं टाकलेच बॉम्ब. अन् तुमची गाडी आली ह्यांना न्यायला, लगेच! मला वाटलं, आता तरी विचारतील की सुभेदार, तुम्ही तर नाही म्हणाला होता. कशाचं काय. कुणी विचारलंच नाही हो! मॅडमनी विचारलं, अमेरिकेनं हल्ला का केला ते समजावून सांगा. अन् ह्यांनी सांगितलं, तेवढ्याच जोरात, जसं काही पहिल्यापासून माहीत होतं. मग दोन दिवसांनी ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्यांनी उत्तर दिलं, दीपकच्या शेजारच्या तळावर सोडली क्षेपणास्त्रं, तेव्हा पुन्हा गाडी. संध्याकाळची वेळ, दिवे लागत होते. साळूबाई माझ्याकडंच येऊन बसलेली टीव्ही बघायला, दीपकचा फोन लागेना म्हणून. पडद्यावर हे. मॅडम म्हणाल्या, आताच बातमी येतेय, सगळी क्षेपणास्त्रं हवेतच फोडली, तळावर जीवितहानी नाही. अन् हे म्हणाले — पाठ आहे मला, चुकवून चुकत नाही — म्हणाले, मॅडम, मी सांगत होतो, ही मर्यादित कारवाई आहे, दोन्ही बाजूंना लाज राखायची आहे, नुकसान शून्य. बोटांनी शून्य करून दाखवला. साळूबाईनं देवाला हात जोडले. हसली माझ्याकडं बघून. अन् तिच्या मांडीवरचा फोन वाजला.

हवेत फोडलं ना — मग ते फोडलेलं कुठंतरी पडणारच की. तळावर नाही पडलं. तळावर खरंच एक माणूस मेला नाही, तुमच्या बातमीत काही खोट नव्हती. ते तारेच्या बाहेर पडलं, खोल्यांवर. तारेच्या बाहेरच्यांचं कोण मोजतो?

ती रडली नाही लगेच. तिला वाटलं टीव्हीत अजून हे बोलतायत म्हणजे बातमी तीच खरी. पडद्याकडं बोट करून फोनवरच्या कंपनीच्या माणसाला म्हणत होती, अहो, नाही हो, इथं भाऊजी सांगतायत ना, शून्य म्हणून. मी टीव्ही बंद करायला उठले तर माझ्या हाताला रिमोट सापडेना. हे बोलतच राहिले हो, आम्ही दोघी समोर, अन् हे आपले बोलतच राहिले.

घ्या, पाणी घ्या अजून. मला नाही काही झालं. डोळ्यात पंख्याची धूळ जाते.

तेव्हापासून हे बोलत नाहीत. म्हणजे मुके नाहीत, हं म्हणतात, नको म्हणतात. तुमच्या चॅनलचे फोन आले, दुसऱ्या चॅनलचे आले, मोबाईल पिठाच्या डब्यात टाकून दिला. मी आपली पीठ काढायला जायचे अन् डबा थरथरायचा. टीव्हीवर चादर घातली. पारावर जात नाहीत. ते प्राध्यापक आले होते भेटायला, चष्मेवाले, चांगला माणूस — तेच तर म्हणाले होते हल्ला होणार म्हणून, बरोबर ठरले. तर इथं बसून म्हणाले, वहिनी, मलाही काही माहीत नव्हतं हो. दोघांपैकी एकानं हो म्हणायचं अन् एकानं नाही, माझ्या वाट्याला हो आलं होतं. ह्यांनी ऐकलं अन् आत निघून गेले. आधी मी म्हणायचे, किती बोलता हो, कान किटले माझे. आता घरात नुसता पंख्याचा आवाज. माणूस समोर बसून जेवतो अन् घरात कुणी नाही असं वाटतं. मला तो बडबड्या परत पाहिजे, चुकीचं बोलला तरी चालेल, मला पाहिजे.

अन् साळूबाई ह्यांना एक शब्द बोलली नाही. हे ऐका तुम्ही. एक शब्द नाही! पेटी आली, ती उघडू दिली नाही, पोराचं तोंड बघायला मिळालं नाही तिला, ती पेटीवरच डोकं आपटत होती, हे खांबाला धरून उभे, मला वाटलं आता येईल अन् ह्यांची गचांडी धरेल. धरायला पाहिजे होती हो! शिव्या द्यायच्या, दगड मारायचा दारावर. काही नाही. ताक केलं की अजून तांब्या आणून देते. त्या तांब्याकडं बघून हे घामाघूम होतात.

आता मघाशी सांगत होते ते आखाजीचं. गेलेल्या माणसाच्या नावानं जेवण करतात ना, तर त्या माणसाच्या जागी जिवंत माणूस बसवतात पाटावर. पितर म्हणतात त्याला. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, गेलेल्याच्या नावानं त्याला हाक मारायची, पोटभर जेवू घालायचं. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. दीपकची ही पहिली आखाजी. साळूबाई सगळ्या गल्लीत फिरली, त्याच्या वयाचं कुणी बसेल का म्हणून. कुणाच्या पोराला परीक्षा, कुणाचा गावाला गेलेला, कुणाचं पोट बिघडलेलं. खरं कुणी सांगत नाही — असा भर ज्वानीत गेलेल्याच्या पाटावर जिवंत पोरगं बसवायला कोणती आई तयार होईल? त्याची ओढ लागते म्हणतात. लोक म्हणतात हो, मी नाही म्हणत. मला विचारायला नको, मला तर पोरगाच नाही.

तुमचं वय काय हो? पंचवीस? हो का. दीपकएवढंच. उंचीही तेवढीच. एक विचारू का तुम्हाला — नाही, जाऊ द्या. नाही विचारत. तुमचीही आई असेल घरी, तिनं तळतळाट दिले असते मला.

परवा आली ती कुंकू अन् अक्षता घेऊन. ह्यांच्या समोर उभी राहिली अन् म्हणाली, भाऊजी, आखाजीला माझ्या दीपकच्या पाटावर तुम्ही बसा. बस, एवढंच. मी चेहरा बघत होते तिचा. माया होती का, सूड होता? मला कळेना. अजून कळलं नाही. माया म्हणावी तर ह्या माणसालाच का? सूड म्हणावा तर डोळ्यात पाणी का? ती ह्यांचे पाय धुणार, ज्यांनी थांब म्हटलं त्यांचे, अन् दीपक म्हणून हाक मारणार — कसं झेपायचं ह्यांना? बीपीची गोळी चालू आहे. मी मागून मान हलवत होते, नको म्हणा, नको म्हणा. अन् हे हो म्हणाले. तोंडानं म्हणाले! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा धड शब्द काढला, तो हा.

म्हणून केला मी फोन. हो, मीच केला. तुमच्या मॅडमनी सांगितलं नाही तुम्हाला? काल दुपारी पिठाच्या डब्यातून मोबाईल काढला, पुसला, चार्जिंगला लावला, अन् म्हटलं, मॅडम, साहेब आता बरे आहेत, यायला तयार आहेत, उद्या दुपारचीच चर्चा ठेवा, गाडी पाठवा. त्या तर आनंदल्या, म्हणाल्या, अहो, अमेरिका परत जहाजं हलवतेय, आम्हाला पाहिजेतच साहेब. मी विचारलंसुद्धा नाही ह्या वेळेला कुठं हलवतेय. म्हटलं, दारात गाडी आली, माणूस आला, तर संकोचानं तरी जातील. तिथं बसतील, बोलतील, काही का बोलेनात! लोकांची चार पोरं ह्यांचं ऐकून तिकडं थांबतील नाहीतर येतील, मला काय करायचंय, माझा माणूस त्या पाटावर बसायला नको — हेच आलं मनात. असंच आलं. अय्या, काय बोलले मी हे. तुम्ही नका सांगू हं कुणाला. अहो, मी वाईट बाई नाही हो, मी नुसती घाबरलेय. त्यांना काही झालं तर मी ह्या तारेजवळच्या घरात एकटी काय करू?

थांबा. ते तुमच्याबरोबर येणारच आहेत, शर्ट घातलाय त्यांनी, सकाळीच इस्त्री केलेला. मी हाक मारते. अहो! अहो, गाडीवाले खोळंबलेत! — अहो?

मागचं दार उघडं आहे.

इकडं या. नाही, आत नको, इथून कठड्यावरून बघा. मागच्या दारानं वळसा घालून तिच्याकडं गेले ते. पायात चप्पल नाही बघा, तापलेल्या रस्त्यावर — बाई, चपलासुद्धा घातल्या नाहीत. तिच्या ओट्यापाशी उभे आहेत. वर चढत नाहीत. उलटे फिरतील. फिरतील बघा, मला माहीत आहेत ते — ती आली बाहेर. तांब्या घेऊन आलीय. काय म्हणतेय ती? तुम्हाला ऐकू येतंय का? दीपक म्हणाली. दीपक, ये रे, असं म्हणाली ना? खाली बसली ती. पाय धुतेय. बोटांच्या मधून धुतेय हो, बारक्या पोराचे धुतात तसे, घासून घासून. अन् ह्यांना रडू आवरत नाही, अन् ती आपल्या पदरानं त्यांचे पाय पुसतेय. सूड असा नसतो ना हो? तुम्ही शिकलेले आहात, सांगा ना, नसतो ना?

घेतलं आत. हात धरून घेतलं. पाटावर बसले, दारातून दिसतायत. वाढतेय ती.

तुम्ही निघा आता. मॅडमना सांगा, साहेब येणार नाहीत, आज नाही अन् कधीच नाही, माझी चूक झाली म्हणावं. दुसरं कुणीतरी मिळेल तुम्हाला एक वाजेपर्यंत, बोलणाऱ्यांना काय तोटा आहे. — हे काय करताय? तो मोबाईल कशाला उचललात, शूटिंग घेताय त्यांचं? मॅडमनी सांगितलं? काय सांगितलं मॅडमनी? खाली करा तो. अहो, खाली करा म्हणते ना! निघा इथून, आधी फाटकाबाहेर व्हा. दीपक जेवतोय तिथं. जेवू द्या त्याला.